रुमालाखालचा हात

राजमती मगदूमनं आयुष्यात दोनच गोष्टींवर डोळे झाकून भरवसा ठेवला होता: हळदीच्या वासावर आणि माणसाच्या हातावर. हळदीनं तिला अजून तरी फसवलेलं नाही. हाताचं काय झालं, ते सांगतो.

सांगलीच्या मार्केट यार्डात मगदूमांचं आडत दुकान. शेतकऱ्यानं हळद आणून टाकायची, मगदूमांनी ती व्यापाऱ्याला विकून द्यायची, असा तीन पिढ्यांचा धंदा. आता सौदे पडद्यावर होतात, पण राजमतीच्या आप्पांच्या काळात ते रुमालाखाली व्हायचे. आडत्या आणि व्यापारी हातात हात घ्यायचे, वर रुमाल टाकायचे आणि बोटांनी बोलायचे. एक बोट धरलं की एक, सबंध पंजा धरला की पाच. त्यापुढं जायचं तर मनगटावर दाब देऊन पाचाच्या वरची बोटं धरायची. तळव्यावरून अंगठा फिरवला की शून्य, नखानं ओरखडा काढला की 'किती?' भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळायचा. पुढं कायद्यानं हे बंद झालं, आणि बरंच झालं म्हणा, कारण त्याच रुमालाखाली शेतकऱ्याचा गळाही कापला जायचा. पण ही बोली राजमतीला आप्पांनी लहानपणीच शिकवून ठेवली होती.

ती कामाला आली भलत्याच वेळी. राजमती छत्तीस वर्षांची असताना आप्पांना झटका आला आणि त्यांची वाचा गेली. मग अकरा वर्षं बापलेक हातानंच बोलले. पाण्याला दोन, औषधाला तीन, 'जरा बस गं' म्हणायला सात. स्थळं यायची थांबली. थांबली कसली, हिनंच परतवून लावली. आप्पा गेले तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती. दुकान दणक्यात चाललं होतं, माणसं जोडलेली होती, पण संध्याकाळ झाली की तिचा उजवा हात आपसूक कॉटच्या कडेला जायचा आणि तिथं कुणी नसायचं. त्या रिकामेपणाचं तिला फार दुःख व्हायचं.

त्याच सुमारास बाजारात नाडीमोजे आले.

चेहरा आणि आवाज तोवर कवडीमोल झाले होते. कुणाचाही एक फोटो आणि दहा सेकंदांचा आवाज मिळाला की यंत्र तो माणूस पडद्यावर उभा करून तुमच्याशी तासभर गुलुगुलु बोलायला लावत असे. लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळांवरची निम्मी स्थळं हवेतली. कितीतरी शहाणीसुरती माणसं त्यात नागवली गेली, आणि लोकांनी हाय खाल्ली. मग नाडीकडं लक्ष गेलं. हृदयाचा ठोका पडला की रक्ताची लाट धमन्यांतून बोटांच्या टोकापर्यंत धावते. वाटेत धमन्यांच्या भिंती ताणतात, जिथं फाटे फुटतात तिथं लाट थोडी मागं फिरते, आणि टोकाशी पोचेपर्यंत तिला एक आकार येतो. प्रत्येकाच्या धमन्या निराळ्या, म्हणून हा आकारही निराळा. मोज्याच्या अस्तरातले बारीक हिरवे दिवे ही लाट वाचायचे.

त्याच अस्तरात हवेचे शेकडो फुगे होते, तांदळाच्या दाण्याएवढे. पलीकडच्या माणसानं आपल्या मोज्यात हात आवळला की इकडचे तेवढेच फुगे तेवढ्याच जोरानं फुगायचे. हजारो मैलांवरचा हात तुमच्या हातात यायचा, उबेसकट. नाडी वाचणारी चकती सीलबंद असायची. बाहेरून खोटी नाडी घुसडायला गेलं की मोजाच बंद पडायचा. हात खरा असला की मनगटावर हिरवा ठिपका लागायचा. सरकारचाही यावर एवढा विश्वास बसला की समोर दस्त उघडून, दोन हात अकरा सेकंद न हलता एकमेकांत राहिले की ती दोघांची सही धरायची असा कायदाच झाला. हातसही म्हणायचे तिला.

तर अशा मोज्यातून राजमतीला श्रेणिक चौगुले भेटला. वय बावन्न, विधुर, मूळचा निपाणीकडचा, आता उत्तरेच्या थंड समुद्रात पवनचक्क्यांवर अभियंता. चेहरा सालस, बोलणं मवाळ. दुपारी सौदे आटोपले की दुकानाच्या माडीवर ती मोजा घालून बसायची.

पहिल्याच दिवशी तिनं सवयीनं त्याची पहिली दोन बोटं धरून सोडली. ही बाजारातली सलामी. पलीकडचा हात क्षणभर दगडासारखा झाला. मग त्यानंही तिची दोन बोटं तशीच धरून सोडली.

"अगंबाई! हे कुठं शिकलात हो?"

"काय?" पडद्यावरचा श्रेणिक हसला.

"हेच, हातानं बोलायचं."

"तुम्ही शिकवाल ते शिकतोय," तो म्हणाला, आणि राजमती चक्क लाजली. आपण शिकवायच्या आधीच त्या हाताला येत होतं, हे तिच्या लक्षात आलं होतं. पण त्याच्या घरातही कुणीतरी बाजार केला असेल, लाजतोय सांगायला, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं. माणूस आपल्यातलाच निघाला म्हणून ती उलट निर्धास्त झाली.

एक गोष्ट तेवढी खटकायची. त्या हाताच्या करंगळीला टोकच लागायचं नाही. पडद्यावर तर श्रेणिक पाची बोटांनी चहाचा मग धरायचा. तिनं मोजेवाल्यांना फोन लावला. "मॅडम, करंगळीकडचे फुगे बसले असतील, बदलून देऊ," असं उत्तर आलं आणि तो विषय तिथंच राहिला.

दुसऱ्या आठवड्यापासून तो हात एक नवीनच खोडी करायला लागला. श्रेणिक लग्नाचं बोलायला लागला की हात तिच्या करंगळीच्या मुळाशी दोनदा दाबायचा. बाजारात याचा अर्थ 'माल किडका आहे.' पहिल्यांदा राजमती खो खो हसली. बाजारात जो मालाची स्तुती करतो तो घेत नाही. जो खोड काढतो तोच घेणार, हे तिला दुधाच्या दातांपासून ठाऊक. 'किडका म्हणतोय लबाड, म्हणजे मन बसलंय!' तिनं उत्तरादाखल त्याचा सबंध पंजा धरला: एवढ्याला देते, बोला! हातानं पुन्हा दोनदा दाबलं, अधिक जोरात. रोज असंच चाललं. एकदा तर इतकं दाबलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती वेडी त्यालाही ओढ समजली.

दुकानात हे सगळं कळत होतं ते फक्त जंबूअण्णांना. जंबूअण्णा म्हणजे आप्पांच्या वेळचे तोलार, रुमालाची बोली येणारे. माल तोलण्यात हयात गेलेली, वय बहात्तर, आणि जिभेला हाड नाही.

"राजाक्का, त्यो करार वाचलाईस का समदा?" त्यांनी एके दिवशी विचारलं. श्रेणिकनं लग्नाआधीचा सहमतीकरार पाठवला होता, एकोणचाळीस पानांचा. त्याच्या देशात बायकोला न्यायचं तर लागतो म्हणे.

"चार पानं वाचली. पुढं कायद्याची भाषा आहे."

"हरिपूरच्या पेवात उतरताना तुझा आप्पा काय करायचा?"

पेव म्हणजे जमिनीखालचं हळदीचं कोठार. तोंड माणूस जाईल एवढं, आत पंधरावीस फूट अंधार. "आधी कंदील सोडायचे," राजमती म्हणाली. "कंदील विझला तर खाली हवा वाईट. मग माणूस उतरायचा नाही. माहीत आहे हो अण्णा, शंभरदा ऐकलंय. इथं कंदील काय कमी आहे? हा बघा हिरवा ठिपका!"

"ठिपका हाताचा हाय, बाळ. तोंडाचा कुटं हाय?"

"तुम्हाला माझं चांगलं झालेलं बघवत नाही का?" असं ती फाडकन बोलून गेली. अण्णा खाली गेले. तिला लगेच वाईट वाटलं, पण हाक काही मारली नाही.

हातसहीचा दिवस ठरला. सकाळी अकराचा मुहूर्त. राजमतीनं मोतिया रंगाची इरकली नेसली, केसांत अबोली माळली. साक्षीदार म्हणून अण्णाच हवे होते. ते आले, तोंड फुगवून शेजारच्या खुर्चीवर बसले. पडद्यावर श्रेणिक जोधपुरी कोट घालून. बाजूला एकोणचाळिसावं पान आणि खाली एक शून्य. हात एकमेकांत स्थिर झाले की ते शून्य अकरापर्यंत चढणार होतं.

"धरूया?" श्रेणिक म्हणाला. "मी या क्षणाची किती वाट पाहिलीय, राजू."

तिनं हात धरला. पलीकडच्या हाताचा तळवा तापलेला. एक, दोन, तीन. चारवर त्या हाताचा अंगठा मुडपला आणि तिच्या तळव्यात नख रुतेपर्यंत घुसला.

सौदा मोडला.

याला दुसरा अर्थ नव्हता. खोड काढणारा गिऱ्हाईक असतो, पण अंगठा मुडपणारा गिऱ्हाईक नसतोच. तो उठून जातो. तिनं हात सैल केला आणि आकडा शून्यावर आला.

"काय झालं?" श्रेणिकचा चेहरा प्रेमळच होता. "घाबरलात?"

राजमतीनं पडद्याकडं पाहिलं, मग मोज्याकडं. ठिपका हाताचा आहे, तोंडाचा कुठं आहे? बाई सौद्यांत मुरलेली होती. चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. तिनं त्या मनगटावर एक दाब दिला आणि वरची दोन बोटं धरली. सात.

"श्रेणिक, ओळखा बरं, आता मी तुमच्या हातात किती आकडा दिला?"

"आकडा?" तो हसला. "मला तर फक्त तुमची ऊब कळते."

आणि त्याच क्षणी तिच्या मनगटावर एक दाब आला, वर दोन बोटं धरली गेली. सात. बरोबर सात.

कंदील विझला होता. हात एका माणसाचा होता आणि चेहरा कुणाचाच नव्हता. पाच महिने ज्याच्याशी मनातलं बोलली, तो कुणी नव्हताच. राजमतीला वाटलं, मोजा ओरबाडून फेकावा आणि गळा काढून रडावं. तेवढं केलं असतं तर ती सुटलीही असती. पण मोज्यात तो हात होता. पाच महिने रोज तिला 'माल किडका' म्हणून ओरडून सांगणारा हात, आणि ही त्याला हसली होती.

तिनं त्याच्या तळव्यावर नखानं ओरखडा काढला. किती? बोल, तुझं काय आहे?

"अण्णा," ती मोठ्यानं म्हणाली, "मला कसंतरी होतंय. जरा हात धरा माझा." आणि तिनं डावा हात पदराखाली त्यांच्याकडं सरकवला.

अण्णांनी कुरकुरत हात धरला. उजव्या हातात मनगटावर दाब आला, चार बोटं. नऊ. तिनं डाव्या हातानं अण्णांच्या मनगटावर दाब देऊन चार बोटं धरली. अण्णांच्या भुवया वर गेल्या. मग आठ. मग शून्य.

"राजू, हात स्थिर ठेवा," श्रेणिक म्हणाला. "आठपर्यंत जाऊन मोडतंय."

"घाम आलाय हो हाताला. पुन्हा धरते."

नुसतीच चाळवाचाळव केली तर पलीकडं संशय येणार, म्हणून ती मध्येमध्ये हात स्थिर धरायची, आकडा सात-आठपर्यंत चढू द्यायची आणि मग हलायची. एक सेकंद चुकला असता तर दुकान, घर, हरिपूरची जमीन, सगळ्याचं कुलमुखत्यारपत्र त्या चेहऱ्याच्या नावावर होणार होतं. तेच होतं एकोणचाळीस पानांत. पाच आकडे झाले. हळदीचा भाव पाच आकड्यांपुढं जात नाही. सहावा आकडा आला तेव्हा तिला उमगलं की हा भाव नाही, हा फोननंबर आहे.

"मला वाटतं तुमचा माझ्यावर विश्वास नाही." चेहरा आता रडवेला झाला होता. "मी सगळं सोडून तुमच्यासाठी..."

"असं काय बोलता हो? मुंग्या आल्यात, एवढंच."

आठवा आकडा. नववा. दहाव्याला तो हात अडखळला, जणू तिकडं कुणी त्याला ढोसलं. पडद्यावरचा आकडा चढायला लागला: सहा, सात, आठ. नऊ. आणि तिची तीन बोटं धरली गेली. दहावर मोडलं.

अण्णांनी पदराखाली तिचा सबंध पंजा दाबला. पोचलं.

"अय्या, सव्वाअकरा!" राजमती उठूनच उभी राहिली. "मुहूर्त टळला की हो! आता नको, अशुभ होतं. उद्या अकराला करू." चेहऱ्यानं क्षणभर विचार केल्यासारखं केलं. त्याला आपल्या चालीरीती पाठ होत्या, त्यामुळं त्यालाही मुहूर्तापुढं बोलता येईना.

मोजा काढल्यावर ती रडली. जंबूअण्णा तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि "रड, रड पोरी," एवढंच म्हणत राहिले. मग त्यांनीच नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. तोलाराच्या डोक्यात शिरलेला आकडा विसरला जात नाही.

"कोन बोलायलं?" म्हातारा, बाईचा आवाज. बोली मराठवाड्यातल्या वसमतकडची. हळद तिथूनही सांगलीला यायची आणि रुमालाची बोली इकडून तिकडं गेली होती.

"आई, तुमचं कुणी परदेशी गेलंय का? मला त्याचा..."

"ठेवा फोन! तीनदा येऊन गेला असा फोन. माझ्या वैजूच्या आवाजात, वैजूचं तोंड दावून. पैशे मागत्यात मेले. मी आता कुनाचंच खरं धरत नाही."

"मी त्याचं तोंड पाहिलं नाही, आवाजही ऐकला नाही," राजमती घाईघाईनं म्हणाली. "मला त्याचा हात लागला. उजवा हात. करंगळीला टोक नाही."

पलीकडून एकदम हंबरडा आला. "पॉलिशच्या ढोलात गेलं वो माय त्याचं बोट! हळद घासाया घातली तवा. हे फोटोत नाही, कागदात नाही, कुनाला ठाव नाही... जित्ता हाय का माझं लेकरू?"

"जिवंत आहे आई. मी धरला होता त्याचा हात."

दुपारी सायबर शाखेच्या फौजदार सबा मुजावर माडीवर आल्या. त्यांना हा प्रकार नवा नव्हता. नोकरीच्या आमिषानं नेलेली पोरं एका खोलीत ओळीनं बसवतात, त्या म्हणाल्या. प्रत्येकाचा हात मोज्यात, कानात हुकूम: लग्नाचा विषय निघाला की दाब, मग सोड, सहीला हलू नको. बोलणं ऐकू येत नाही, पडदा दिसत नाही. त्या हाताची नाडी वाचून यंत्र पडद्यावरच्या गालांवर तशीच बारीक लाली रंगवतं, म्हणून तपासणीत सगळं जुळतं. "हातांवरही त्यांचं लक्ष असतं. कुणी ठोके देऊन खुणा केल्या तर यंत्र लगेच पकडतं. पण ही तुमची बोली कुणी कधी लिहूनच ठेवली नाही, मग यंत्राला कोण शिकवणार?"

"सापडेल का तो?"

"मोज्याचा दुवा अजून तीनचार दिवस जिवंत राहिला तर इमारत सापडेल. तुम्ही तोडलात तर त्या मुलाला दुसरीकडं हलवतील. आणि त्यानं तुम्हाला सावध केलं असा संशय आला तर..." बाईंनी मोज्याकडं बोट केलं. "दस्त मी गोठवू शकत नाही, त्यांना लगेच कळेल. उद्या हात घातलात तर धोका तुमचा खराच आहे. जबरदस्ती नाही."

"घालीन," राजमती म्हणाली.

तिनं पुन्हा वसमतला फोन लावला. "आई, उद्या अकराला मी त्याचा हात धरणार आहे. शब्द पोचत नाही, फक्त आकडा पोचतो. काय सांगू?"

म्हातारी नाक ओढून म्हणाली, "चार सांगा."

"चार?"

"तो गेला तवा घरात आमी तिघं होताव. मी, तो आन सून. सुनेला दिवस गेलेले होते. चार म्हनलं की कळंल त्याला."

दुसऱ्या दिवशी राजमतीनं तीच इरकली नेसली. हिरवा ठिपका लागला. पडद्यावर श्रेणिक, बाजूला तेच एकोणचाळिसावं पान, खाली शून्य. शेजारी अण्णा, आणि दाराआड फौजदार बाई.

"आज मन घट्ट केलंय ना?" श्रेणिकनं विचारलं.

"केलंय," ती म्हणाली, आणि मोज्यातली चार बोटं धरली.

हाताला कळेना. त्यानं ओरखडा काढला: किती? तिनं आधी तीन बोटं धरली, सोडली. मग चार धरली आणि सोडलीच नाहीत.

तो हात सगळाच्या सगळा थांबला. मनगटावरचा हिरवा ठिपका फडफडायला लागला, इतक्या वेगानं की अण्णा पुढं वाकून बघायला लागले. पडद्यावरचे गालही तसेच लाल झाले. श्रेणिक मात्र हसतमुखानं समुद्रावरच्या वाऱ्याबद्दल काहीतरी सांगत होता. मग त्या हातानं तिची करंगळी, नुसती करंगळी, हलक्या मुठीत धरली, तान्हं मूल आईचं बोट धरतं तशी.

आकडा चढत होता. सहा, सात, आठ. सोडायला हवं होतं. राजमतीनं दहापर्यंत धरून ठेवलं.